पासवर्ड बरोबर, भाषा चुकीची!

लॉगिन स्क्रीनवर कम्प्युटर हट्टाला पेटलाय? फॉरमॅट मारण्याआधी कोपऱ्यात बघा. गडचिरोलीच्या जंगलात अर्ध्या तासात सुटलेला आणि पुण्यात मला फार महागात पडलेला एक प्रॉब्लेम.

सकाळचे साडेनऊ. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं एक गाव. पत्र्याच्या शेडमधलं एक छोटंसं सेवा केंद्र, बाहेर बाकावर सात-आठ माणसं. मी तिथे गेले होते फक्त मोबाइल चार्ज करायला. मेंढा-लेखावर फीचर करायचं होतं. याच मेंढा गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि 2011 मध्ये बांबू वाहतुकीचे पास थेट ग्रामसभेच्या हाती आले. अशा हेवी विषयावर लिहायला निघालेली मी, आणि फोन सात टक्क्यांवर. टिपिकल!

आत केंद्रचालक दादा कम्प्युटरसमोर घामाघूम. पासवर्ड टाकायचे, एंटर मारायचे, कम्प्युटर म्हणायचा, चुकीचा पासवर्ड. पुन्हा टाकायचे, पुन्हा तेच. शेवटी त्यांनी कीबोर्ड उचलून उलटा केला आणि झटकला. त्यातून बिस्किटाचा चुरा पडला, पासवर्ड काही पडला नाही.

‘‘कालपर्यंत चालू होता जी! रात्रीतून कोन बदलवला पासवर्ड?’’

टेबलाशी एक मुलगी उभी होती. पाठीवर सॅक, हातात प्लास्टिकची फाइल. शेजारी तिची आई. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची ती शेवटची तारीख होती, आणि तिचे स्कॅन केलेले सगळे कागद याच कम्प्युटरमध्ये. आई मुलीला गोंडीत काहीतरी विचारत होती. मला शब्द कळले नाहीत, पण ‘आता काय?’ हा प्रश्न कुठल्याही भाषेत कळतो.

दादांनी तालुक्याच्या कम्प्युटरवाल्याला फोन लावला. स्पीकरवरून निवांत आवाज आला, ‘‘पासवर्ड करप्ट झाला असन. फॉरमॅटच मारा लागते.’’

फॉरमॅट! हा शब्द ऐकला आणि माझ्या पोटात गोळाच आला. कारण हे सगळं मी आधी पाहिलं होतं.

फ्लॅशबॅक, पुणे

करिअरची पहिली दोन वर्षं मी एका सेकंडहॅण्ड लॅपटॉपवर काढली. एका सकाळी त्याने पासवर्ड घेणं बंद केलं. आदल्याच दिवशी दुकानात नवी विंडोज टाकून आणली होती. मी वीस वेळा टाइप केलं, प्रत्येक वेळी तेच उत्तर. दुकानातल्या मुलाने खांदे उडवले, ‘‘फॉरमॅट करू?’’ डेडलाइन डोक्यावर होती. मी म्हटलं, ‘‘कर.’’

त्यात आठ मुलाखती गेल्या. त्यातली एक चाळीस वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूट चालवलेल्या आजोबांची. ठोकळा यंत्रांच्या खडखडाटात पोरांना शिस्त कशी लावली, बोटांवर पट्टी कशी मारली, सगळं त्यांनी मिश्कील आवाजात सांगितलं होतं. बॅकअप? तेव्हा मी स्वतःला अमर समजायचे. पुन्हा मुलाखत घेऊ म्हणेपर्यंत आजोबा गेले.

आणि कारण काय निघालं? माझ्या पासवर्डमध्ये @ होता. नव्या विंडोजवर ब्रिटिश इंग्रजीचा कीबोर्ड सेट झाला होता. ब्रिटिश मांडणीत @ आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांच्या जागा बरोबर उलट असतात. मी शिफ्ट धरून 2 दाबत होते, आणि कम्प्युटरला अवतरणचिन्ह मिळत होतं. स्क्रीनवर मात्र दोन्हींचा दिसतो एकच काळा ठिपका. हे मला कळलं महिनाभराने, सगळं पुसून झाल्यावर.

बोटं तीच, अक्षरं वेगळी

म्हणून त्या शेडमध्ये मी दादांना म्हटलं, ‘‘दादा, दोन मिनिटं मी बघू?’’ ते बाजूला सरकले. चेहऱ्यावर ‘पुण्याची पोरगी काय करणार’ असा भाव. पण सरकले.

पासवर्डच्या चौकटीच्या टोकाला डोळ्याचं चिन्ह असतं. ते दाबून धरलं की ठिपक्यांऐवजी खरी अक्षरं दिसतात. मी दादांना पुन्हा टाइप करायला सांगितलं आणि डोळा दाबला. चौकटीत चक्क देवनागरी! तीही अशी की कुठल्याही शब्दकोशात सापडणार नाही. आणि स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात मराठीची खूण.

दादांचा पासवर्ड काही मी छापणार नाही. पण समजा तो ‘मेंढा’ या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग असता. एम, ई, एन, डी, एच, ए या सहा कळा मराठी इनस्क्रिप्टमध्ये ओळीने देतात स, काना, ल, हलन्त, प आणि ओकार. म्हणजे झालं ‘साल्पो’! एखाद्या अंगदुखीच्या गोळीचं नाव वाटतं ना? कम्प्युटर बिचारा मेंढ्याची वाट बघत बसलाय, आणि आपण त्याला साल्पो देतोय.

पॉइंट असा आहे की कम्प्युटर तुमची बोटं ओळखत नाही, अक्षरं ओळखतो. कळेवर काय छापलंय याच्याशीही त्याला घेणंदेणं नाही. कुठली कळ म्हणजे कुठलं अक्षर, हे आत निवडलेला कीबोर्ड लेआउट ठरवतो. जर्मन लेआउटमध्ये वाय आणि झेडची अदलाबदल होते. फ्रेंचमध्ये वरच्या ओळीतले आकडे काढायला शिफ्ट दाबावी लागते. कंपनीने ऑनसाइट पाठवलेल्या मित्रमंडळींना हा झटका बसलेला असतो.

दारावरचा वॉचमन

पण मग लॉगिनच्याच वेळी का? आत शिरल्यावर तर सगळं छान चालतं!

कारण लॉगिन स्क्रीन तुमची नसते. ती सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखी आहे. तुमच्या फ्लॅटमध्ये फर्निचर कसं लावलंय हे त्याला माहीत नसतं, त्याच्याकडे स्वतःचं रजिस्टर असतं. तुम्ही आत जाऊन निवडलेला कीबोर्ड ही झाली तुमच्या खात्याची सेटिंग. लॉगिन स्क्रीन मात्र कोणीच आत आलेलं नसताना चालते, त्यामुळे तिची सेटिंग वेगळी साठवलेली असते. विंडोजमध्ये, लिनक्समध्ये, कल्पना हीच.

दादांच्या बाबतीत झालं होतं असं. आदल्या संध्याकाळी कोणीतरी येऊन ‘मराठी टाकून’ दिलं. चांगलं काम! पण जाता जाता ती सेटिंग वेलकम स्क्रीनवरही कॉपी केली, आणि मराठी सगळ्यात वर ठेवलं. सकाळी गेटवरचा वॉचमन एकदम मराठीतच बोलायला लागला.

मी कोपऱ्यातल्या खुणेवर क्लिक केलं, इंग्रजी निवडलं. ‘‘आता टाका.’’ दादांनी एकेक कळ जपून दाबली. एंटर. निळी स्क्रीन गोल गोल फिरली आणि डेस्कटॉप उघडला. देवीचा फोटो, त्यावर पन्नास फोल्डर.

‘‘हट् बाप्पा! एवढाच होता?’’

मुलीने काही न बोलता फाइल उघडून आधार कार्ड वर काढून ठेवलं. दादांनी मात्र एका फोल्डरवर बोट ठेवलं. शेजारच्या तीन टोल्यांच्या वनहक्क दाव्यांचे स्कॅन. नकाशे, ठरावांच्या नकला, म्हाताऱ्यांचे जबाब. ‘‘हे गेला असता जी,’’ ते हळूच म्हणाले. जबाब देणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी दोघं आता नव्हते. मला टायपिंगवाले आजोबा आठवले.

एका टेबलावर चार मराठी

हा प्रॉब्लेम आपल्या आईबाबांच्या ऑफिसात का नव्हता? होतं काय की श्रीलिपी किंवा आयएसएमवर मराठी टाइप करायच्या काळात विंडोजचा स्वतःचा कीबोर्ड इंग्रजीच राहायचा. मराठी म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेला देवनागरी फॉन्ट. फॉन्ट बदलला की अर्जाचा पार बट्ट्याबोळ, पण लॉगिनला धक्का नाही.

युनिकोड आलं आणि चित्र बदललं. विंडोज 2000 पासून मराठी थेट सिस्टीममध्येच मिळायला लागली. त्यासाठीचा इनस्क्रिप्ट लेआउट भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986 मध्येच आणला होता. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. भारतीय लिप्यांना एकच मांडणी, म्हणजे मराठीतला क जिथे, तेलुगूतलाही क तिथेच. आयडिया झकास आहे! पण ज्यांची बोटं टाइपरायटरवर तयार झाली त्यांना हवा रेमिंग्टन, आणि आपल्यासारख्यांना हवं फोनेटिक, इंग्रजीत ‘के’ दाबला की क. 2019 च्या अपडेटपासून विंडोजमध्ये मराठी फोनेटिकही आहे. परिणाम? एका ऑफिसात एकच कम्प्युटर, चार माणसं आणि चार लेआउट.

गडचिरोलीत तर ही यादी आणखी लांबते. दक्षिणेला सिरोंचाकडे तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीकडे बंगाली, आणि जिल्हाभर गोंडी-माडिया. गोंडीच्या दोन स्वतंत्र लिप्या युनिकोडमध्ये आल्या आहेत. मसराम गोंडी 2017 मध्ये, गुंजाळा गोंडी 2018 मध्ये. उद्या त्या मुलीने आपल्या लिपीचा कीबोर्ड टाकला तर तो तिचा हक्कच आहे. फक्त तिला लॉगिनचा हा कोपरा माहीत हवा. आपली भाषा कम्प्युटरवर आली की दार बंद होतं, असा समज झाला तर लोक आपली भाषाच काढून टाकतील. दादा नेमके तेच म्हणाले, ‘‘मराठी काढूनच टाकू का जी?’’ मी म्हटलं, ‘‘काढू नका, दोन नंबरवर ठेवा.’’

फॉरमॅटच्या आधी हे करा, बॉस!

• आधी कॅप्स लॉक बघा, मग नम लॉक. छोट्या लॅपटॉपवर नम लॉक चालू राहिला तर काही अक्षरांच्या जागी आकडे उमटतात.

• डोळ्याचं चिन्ह दाबा आणि खरंच काय टाइप होतंय ते वाचा. अर्थात, मागे कोणी उभं नाही ना ते बघून!

• खालच्या उजव्या कोपऱ्यातली भाषेची खूण क्लिक करा, किंवा विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबा. लेआउट बदलेल.

• खूणच दिसत नसेल तर तिथल्याच अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या चिन्हातून ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडा. त्याच्या कळांवर तीच अक्षरं दिसतात जी प्रत्यक्षात उमटणार आहेत.

• तरीही नाही? मग आठवा, पासवर्ड ठेवला तेव्हा कुठली भाषा चालू होती? मराठी चालू असताना ठेवलेला पासवर्ड इंग्रजीत कधीच लागणार नाही. मराठी लेआउट घेऊन त्याच कळा दाबून बघा.

• आत शिरल्यावर कायमचा इलाज करा. सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत इंग्रजी सगळ्यात वर ठेवा. मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज उघडून ‘कॉपी सेटिंग्ज’ दाबा आणि वेलकम स्क्रीनच्या चौकटीत टिक करा. क्रम महत्त्वाचा! आधी यादी नीट करायची, मग कॉपी. उलटं केलंत तर चूकच कॉपी होईल. नंतर कम्प्युटर रीस्टार्ट.

• उबुंटूवाल्यांनो, तुमच्या लॉगिन स्क्रीनवरही भाषेचा मेन्यू असतो. सगळ्या सिस्टीमचा लेआउट ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘डिफॉल्ट’च्या आत ‘कीबोर्ड’ नावाच्या फाइलमध्ये ठरतो. मॅकवर लॉगिन विंडोत इनपुट मेन्यू दाखवायची सोय आहे, ती चालू करून ठेवा.

• पासवर्डमध्ये @, # यांची आतषबाजी करण्यापेक्षा चार-पाच साध्या शब्दांचा लांब पासवर्ड ठेवा. लेआउट ब्रिटिश असो की अमेरिकन, तो सारखाच लागतो.

• आणि अंदाजाने वीस वेळा एंटर मारू नका. बऱ्याच ऑफिसांत काही चुकीच्या प्रयत्नांनंतर खातंच लॉक होतं.

बॅकअपचा डायलॉग मी मारणार नाही. तो तुम्हाला पाठ आहे, मलाही पाठ होता.

त्या दिवशी मुलीचा फॉर्म पावणेअकराला गेला. अकराला लाइट गेले. पावतीची प्रिंट निघाली होती, तिने ती चार घड्या घालून फाइलमध्ये ठेवली. आईने माझ्या हातावर मूठभर मोहाची फुलं ठेवली. सुकवलेली, मनुकांसारखी गोड. निघताना दादांनी स्केचपेनने एक कागद लिहून मॉनिटरच्या उजव्या कोपऱ्याखाली चिकटवला होता. ‘आधी इथे पाहा.’

माझा फोन? बारा टक्के. प्रॉब्लेम सोडवण्याच्या नादात चार्जरचं बटणच दाबायचं राहिलं होतं, लक्षात आलं तेव्हा लाइट जायला पाच मिनिटं उरली होती.