लाल दिवा

आमच्या जासईच्या घरात टीव्हीमागे चार हार्ड डिस्कचा एक डबा आहे. त्याला ‘नॅस’ म्हणतात. घरातले सगळे फोन वायफायवरून त्यातच फोटो ठेवतात. भाईजानच्या निकाहचा व्हिडिओ, जमिनीच्या कागदांचे स्कॅन आणि मरहूम दादीजान कोळंबीच्या खिचडीची कृती सांगताहेत ती सात मिनिटेही त्यातच.

चार डिस्क म्हणजे चार प्रती, असे आम्ही समजत होतो. तसे नसते. ‘रेड’ ही पद्धत 1988 मध्ये पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी बर्कलेहून मांडली. आमच्या डब्यातला तिचा प्रकार बेरजेसारखा चालतो: तीन डिस्कवर 3, 5, 4 आणि चौथीवर 12. एक आकडा हरवला तर उरलेल्यांवरून काढता येतो. दोन हरवले तर नाही.

पावसाळ्यात वीज सारखी जात होती. एका डिस्कचा दिवा लाल झाला, आम्ही आठवडाभर पाहिलेच नाही. मग नवी डिस्क घातली. ती भरायला डब्याला उरलेल्या तिन्ही डिस्क पूर्ण वाचाव्या लागतात, आणि त्याच वयाची दुसरी डिस्क त्या ताणात बसली. पडद्यावर प्रश्न आला: नव्याने सुरुवात करायची का? भाईजान ‘हो’ दाबणार, तेवढ्यात अम्मीने त्याचा हात धरला. कळत काहीच नव्हते, पण ‘नव्याने’ हा शब्द तिला खटकला.

डबा बंद करून डिस्कवर 1 ते 4 चिठ्ठ्या लावल्या. पहिली मेलेली डिस्क बाजूला ठेवली. तिच्यावरचा हिशेब आठवडाभर जुना होता. दुसरीची ‘डीडीरेस्क्यू’ने कोऱ्या डिस्कवर नक्कल काढली. हा प्रोग्राम आधी सोपा भाग उचलतो, खराब जागांवर नंतर येतो. अशा बहुतेक डब्यांत आत लिनक्सच असते. म्हणून ती नक्कल आणि दोन धडधाकट डिस्क लिनक्सच्या संगणकाला जोडून ‘एमडीअ‍ॅडम’ने संच उभा केला. फक्त वाचायला, लिहायला अजिबात नाही.

काही फोटो गेले. दादीजानचा आवाज चौथ्या मिनिटाला तुटतो, मग परत येतो.

27 जून 2017 ला नॉटपेट्या विषाणूने मर्स्क कंपनी जगभर ठप्प झाली, शेजारच्या जेएनपीटीतले तिचे टर्मिनलही. तिच्या एका महत्त्वाच्या सर्व्हरची शाबूत प्रत फक्त घानात सापडली, कारण तिथे तेव्हा वीज गेली होती! आता आमचीही एक सुटी डिस्क पनवेलला फुफीच्या कपाटात असते. दर महिन्याला येते, भरून परत जाते.