ओट्याच्या जागी शटर

सेवानिवृत्त माणसाजवळ वेळ भरपूर असतो आणि वेळेच्या मागोमाग तक्रारी येतात. बँकेच्या नोकरीत ३६ वर्षे मी इतरांच्या तक्रारींची नोंदवही सांभाळली. निवृत्तीनंतर स्वतःचीच एक वही सुरू केली. सकाळी फिरून आले की काय खटकले ते तारखेसह लिहावयाचे, एवढा नेम. खोदलेला रस्ता पावसाळा तोंडावर आला तरी बुजलेला नाही. गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर कोंड्याच्या राखेचे काळे कण. रात्री साडेअकरापर्यंत वरातीचा डीजे; विचारावयास जावे तर उत्तर ठरलेले, "काका, एकच तर दिवस आहे." लग्नसराईत वीस घरांचा एकेक दिवस मिळून महिना निघून जातो, हे त्या मुलांना कोण समजावणार? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. दोन माणसे शेजारी बसून हलक्या आवाजात बोलली की ती मर्यादा जवळपास गाठली जाते!

अशी साठेक पाने भरली तेव्हा ती वाचकांसमोर मांडावी असे मनात होते. या लेखाचा पहिला मसुदा त्याच पानांवरून तयार झाला होता. त्यात गोंदिया शहर कसे बिघडले आणि माणसे कशी बदलली, याचे सविस्तर वर्णन होते. गेल्या श्रावणातील एका रात्रीनंतर तो मसुदा मी फाडून टाकला.

आमची गल्ली बाजारपेठेच्या मागच्या अंगाला आहे. गल्लीच्या आतल्या टोकाला एका गुजराती कुटुंबाचे जुने घर. यजमानांची धान्याची आडत होती. ते जाऊन आठ वर्षे झाली. मुलगा बंगळूरला नोकरीत. घरात एकट्या राहणाऱ्या त्या माउलींना सारी गल्ली 'बा' म्हणते. त्या रात्री पावणेदोनच्या सुमारास बांच्या छातीत कळ आली. त्यांनी मुलाला बंगळूरला फोन लावला, मुलाने समोरच्या घरातील तरुणाला उठवले आणि त्याने १०८ क्रमांक फिरवला. बाजूच्या घरात हाक मारण्याऐवजी हजार किलोमीटरचा वळसा पडला, हे येथे नमूद करून ठेवतो. रुग्णवाहिका मात्र वेळेत आली आणि गल्लीच्या तोंडाशी थांबली. पुढे चार मोटारी उभ्या होत्या.

भोंगा वाजला, दिवे लागले. दोन मोटारींचे मालक खाली आले. पण त्यांच्या मोटारी बाहेर काढण्यासाठी उरलेल्या दोन आधी हलावयास हव्या होत्या. त्यांपैकी एकाचे मालक गावाला गेलेले. चौथी मोटार माझी.

माझा भ्रमणध्वनी पुढच्या खोलीत, आवाज बंद करून, चार्जिंगला लावलेला होता. बाहेरच्या गोंगाटाला कंटाळून मी दोन वर्षांपासून मागच्या खोलीत दारे-खिडक्या लावून, कूलर चालू ठेवून झोपतो. माझे दार वाजवले गेले, मला हाका मारल्या गेल्या. मला काहीही ऐकू आले नाही. बांना स्ट्रेचरवर घालून, अंगावर प्लॅस्टिकचा कागद पांघरून, भुरभुर पावसात त्या चार मोटारींच्या कडेकडेने गल्लीच्या तोंडापर्यंत नेण्यात आले. मध्ये पंधरा-वीस मिनिटे गेली. सकाळी दूध घेताना दूधवाल्याने मला हे सांगितले.

बा वाचल्या. नऊ दिवसांनी घरी आल्या. पण चार पायऱ्या चढल्या की धाप लागू लागली. ती पंधरा मिनिटे मिळाली असती तर फरक पडला असता काय, हे मी डॉक्टरांना विचारले नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही, हेच खरे.

बँकेत असताना कर्ज मंजूर करण्यापूर्वी जागेची पाहणी करण्याची सवय होती. त्याच सवयीने एका दुपारी मी टेप घेऊन गल्ली मोजली. रुंदी १४ फूट. एका बाजूची मोटार साडेपाच फूट खाते. समोरच्या दुकानांच्या पायऱ्या, फलक आणि बाहेर मांडलेला माल मिळून अडीच फूट. पायऱ्यांना लागून तिरप्या लावलेल्या दुचाकी आणखी अडीच फूट. उरले साडेतीन फूट. स्ट्रेचर जाते, रुग्णवाहिका जात नाही. या हिशेबात परका माणूस कोणीच नाही. सगळी वाहने, सगळ्या पायऱ्या आणि सगळा माल आपल्याच लोकांचा.

पूर्वी ही गल्ली काही अधिक रुंद नव्हती. फरक ओट्यांचा होता. गोंदिया हे रेल्वेने घडवलेले गाव. हावडा-मुंबई मार्गावरील हे जंक्शन. येथूनच सातपुड्याकडे जबलपूरपर्यंत छोटी गाडी जात असे. मालगाड्यांच्या आधाराने धान, तेंदूपाने आणि बिडी यांचा व्यापार वाढला आणि त्यामागोमाग गुजराती, मारवाडी, कच्छी व फाळणीनंतर सिंधी कुटुंबे येथे स्थिरावली. या साऱ्यांनी घरे बांधली ती पुढे ओटा ठेवूनच. गल्ली १४ फुटांची असली तरी दोन्ही बाजूंचे ओटे धरून डोळ्यांना ती २४ फुटांची वाटे. ओटा मालकाचा, पण त्यावर बसण्याचा हक्क सर्वांचा.

मी नोकरीला लागलो त्या काळी आमचे शाखाधिकारी आठवड्यातून दोनदा संध्याकाळी पायी या गल्ल्यांतून फेरी मारीत. तरुण वयात मला त्याचा अर्थ कळत नसे. कॅश क्रेडिटसाठी ताळेबंद येई, मालसाठ्याचे विवरण येई, सारे कागद नीट असत, तरी ते म्हणत, "आज जरा फिरून येऊ." कोण्या ओट्यावर दलाल तांदळाच्या नमुन्यांच्या पुड्या सोडून बसलेला. धानाचा दाणा दाताखाली फोडून ओलावा सांगणारी माणसे. तेथे चहा घेता घेता कळे, की अमक्याच्या विवरणात दोन हजार पोती शिल्लक दाखवली आहेत. पण त्याची गिरणी आठ दिवसांपासून बंद आहे आणि हमालांना दुसरीकडे काम शोधावे लागले आहे. उलटही घडे. एका गृहस्थांचे कागद कच्चे होते, तारणही पुरेसे नव्हते. पण तीन ओट्यांवर एकच गोष्ट ऐकू आली, की वडिलांच्या मागे राहिलेली देणी त्याने चिठ्ठी-कागद नसतानाही फेडली. त्याला कर्ज मिळाले आणि त्याने मुदतीच्या आत ते परत केले.

आता हे काम सिबिलच्या गुणांकावर चालते. ती संस्था २००० साली स्थापन झाली आणि माझ्या नोकरीच्या उत्तरार्धात मी तिच्याच अहवालावर विसंबून कर्जे दिली. तिचा मला फायदाच झाला. ओट्यावर विधवेची, परजातीच्या माणसाची किंवा नव्याने गावात आलेल्याची पत सहसा तोलली जात नसे, तोलली तर कमीच भरे. गुणांक निदान तोंड पाहत नाही. जुने ते सारे सोने होते असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा झाल्यापासून कचेऱ्या आल्या, २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पूर्वी अशा रात्री नागपूरची वाट धरावी लागे.

धानाच्या व्यापाराचेही तसेच. शेतकरी आता आधारभूत किमतीने आपले धान पणन महासंघाच्या किंवा आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर नेतो. गिरणीमालक सरकारचे धान भरडून देतो. अरव्याच्या भरडाईत १०० किलो धानामागे ६७ किलो तांदूळ जमा करावयाचा, अशी पद्धत आहे. शेतकऱ्याला ठरलेला भाव मिळतो, हे उत्तम झाले. मात्र आमगाव-सालेकशाकडचा जो शेतकरी पूर्वी हंगामात दोन-तीनदा शेठजींच्या ओट्यावर बसून पाणी पीत असे, त्याचे आणि शेठजींचे आता एकमेकांशी कामच उरलेले नाही. मुले एकमेकांना ओळखत नाहीत. ओटा रिकामा राहू लागला तो येथून.

आणि रिकामी जागा व्यापारी समाजाला सहन होत नाही. माझा अनुभव सांगतो. २००९ मध्ये मी मोटार घेतली आणि ती ठेवण्यासाठी घरापुढचा ओटा तोडला. घरातील मंडळींना वाईट वाटले होते; मी म्हटले, बसते कोण तेथे? सहा वर्षे मोटार तेथेच उभी राहिली. मग एका हितचिंतकाने हिशेब मांडून दाखवला, की १५ फूट बाय १० फुटांची बाजारपेठेतील जागा मोटारीसाठी अडकवून ठेवणे म्हणजे चालू खात्यात रक्कम बिनव्याजी पाडून ठेवणे. एम.कॉम. झालेल्या माणसाला हे पटण्यास वेळ लागला नाही. शटर बसले, अकरा महिन्यांचा करार झाला. आज महिना ६,५०० रुपये भाडे येते आणि ते मी आयकर विवरणपत्रात दाखवतो. मोटार गल्लीत आली.

आणखी एक गोष्ट लपवून उपयोग नाही. गल्लीत एकंदर अकरा मोटारी आहेत. त्यांपैकी चारांच्या कर्जाच्या कागदांवर माझी सही आहे. मार्चअखेर जवळ आला की वाहनकर्जाचे उद्दिष्ट पूर्ण करावयाचे असे. लोक आनंदाने येत, आम्ही पेढे खात असू. अर्जदाराचे उत्पन्न पाहिले, जामीनदार पाहिला, विक्रेत्याचे कोटेशन पाहिले. मोटार रात्री कोठे उभी राहणार, हा रकाना अर्जात नव्हता आणि तो असावा असे मलाही कधी सुचले नाही.

भाद्रपदात पर्युषण आले. संवत्सरीच्या दिवशी क्षमायाचनेचे संदेश भ्रमणध्वनीवर शेकड्यांनी येतात आणि मीही दरवर्षी एकच संदेश सर्वांना पाठवून मोकळा होत असे. यंदा बांकडे स्वतः गेलो. मला जे म्हणावयाचे होते ते मी म्हटले. बा रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या म्हणाल्या, "भाई, तुमच्या ओट्यावर आमचे शेठ रोज पेपर वाचायचे. तुमच्या घरचा पेपर. स्वतःचा कधी घेतला नाही." आणि हसल्या. मागे त्यांचा मुलगा खोकी बांधत होता. आईला एकटे ठेवावयाचे नाही, असे त्याने ठरवले होते. त्याला कोण दोष देणार? दिवाळीपूर्वी बा विदर्भ एक्स्प्रेसने नागपूरला आणि तेथून विमानाने बंगळूरला गेल्या. घर विक्रीला निघाले. पाहावयास आलेल्या पहिल्याच गृहस्थांनी किल्ली परत देताना मला विचारले, की पुढच्या ओट्यावर शटर बसवण्यास शेजाऱ्यांची काही हरकत असेल काय.

त्यापूर्वी गल्लीची एक बैठक झाली होती. अशा बैठकी कशा होतात, हे वाचकांना ठाऊक आहे. पहिला अर्धा तास नगर परिषदेवर टीका झाली. मग कोणीतरी म्हटले की पायऱ्या मागे घ्याव्यात, तेव्हा सारे शांत झाले. शेवटी एवढेच ठरले, की रात्रीपुरत्या चार मोटारी एका परिचितांच्या गिरणीच्या आवारात ठेवाव्यात आणि बाहेरचा माल दुकान बंद करताना आत घ्यावा. माल आत जाऊ लागला, निदान बहुतेकांचा. मोटारींपैकी दोन नियमितपणे जातात. दोन दिवाळीच्या गर्दीनंतर पुन्हा गल्लीत आल्या. त्यांतील एकाचे म्हणणे असे, की थंडीत रात्री दहा मिनिटे चालत यावे लागते. विदर्भातील सर्वांत कमी तापमान पुष्कळदा गोंदियाचेच नोंदले जाते, तेव्हा त्याच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नाही असेही नव्हे.

माझ्या शटरचा प्रश्न मात्र बाकी आहे. भाडेकरू हा गोरेगाव तालुक्यातील तरुण, मोबाइल दुरुस्तीचे काम करतो. वागणूक चांगली, भाडे पाच तारखेच्या आत. करार मार्चअखेर संपतो. जागा मोकळी करून मोटार आत घ्यावी असा माझा विचार मी त्याच्या कानावर घातला, तेव्हा तो वाद घालत बसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांना घेऊन आला. वडील शेतकरी. ते दुकानात उभे राहून चहूकडे पाहत होते आणि त्यांना बसावयास सांगावे अशी जागाच माझ्या घरापुढे नव्हती. त्यांना आत बैठकीत नेले, चहा झाला. पूर्वी आमच्या गल्लीतील एका आडतीवर आपले धान येत असे, असे त्यांनी सहज सांगितले. ती आडत बांच्या घरची. मुलाचा धंदा नुकताच बसला आहे, एवढेच ते म्हणाले आणि उठले. मार्चला अजून सात आठवडे आहेत. घरात याविषयी दोन मते आहेत आणि दोन्ही मते माझीच आहेत.

गेल्या रविवारी बांचा फोन आला होता. थंडी किती आहे, नळ किती वाजता येतो, घराला गिऱ्हाईक आले काय, असे बरेच विचारून झाले. मग म्हणाल्या, "भाई, रात्री गल्लीत गाड्या असतात का अजून?"

मी म्हटले, माझी नसते. दोन असतात.