नाण्यांची स्वच्छता व जतन

नाण्यांची स्वच्छता व जतन ही जुन्या, दुर्मीळ किंवा संग्राह्य नाण्यांवरील हानिकारक मळ मूळ धातूला धक्का न लावता दूर करण्याची आणि पुढील झीज व गंज रोखण्याची पद्धती होय. नाणकशास्त्रात स्वच्छतेपेक्षा जतनाला अधिक महत्त्व आहे. नाणे चकाकावे म्हणून केलेली घासपूस ही स्वच्छता नव्हे. तिने नाण्याचा पृष्ठभाग कायमचा नष्ट होतो आणि त्याबरोबर नाण्याचे ऐतिहासिक व आर्थिक मूल्यही घटते.

पृष्ठभागाचे महत्त्व

नाण्यावरील माहिती त्याच्या सर्वांत वरच्या, केसाइतक्या पातळ थरात असते. याचे महाराष्ट्रातील सर्वोत्तम उदाहरण म्हणजे नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेला नाणेसंचय. त्यात क्षहरात क्षत्रप नहपान याची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती आणि त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी याने आपले ठसे पुन्हा उमटवले होते. नव्या ठशाखाली नहपानाच्या मुखवट्याच्या व अक्षरांच्या पुसट खुणा शिल्लक राहिल्या. नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या शिलालेखात क्षहरात वंशाच्या उच्छेदाचा उल्लेख आहे. त्या विधानाला या पुसट खुणांनी भक्कम पुरावा दिला. ही नाणी सापडताच कोणी चिंच लावून लख्ख घासली असती, तर सातवाहनांच्या इतिहासातील हा दुवा मोरीतून वाहून गेला असता.

मराठवाड्यातील नाणी

परभणी जिल्ह्यातील सोनपेठ, गंगाखेड, पाथरी हा परिसर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे स्वतःचे चलन होते, त्यास ‘हाली सिक्का’ म्हणत. ब्रिटिश हिंदुस्थानातील रुपयास ‘कलदार’ हे नाव होते. त्यामुळे या भागातील जुन्या घरांत, देवघरातील डब्यात वा धान्याच्या कणगीत, दोन्ही प्रकारची नाणी एकत्र आढळतात. चारमिनारचे चित्र असलेला हाली रुपया सुमारे ११.१८ ग्रॅम वजनाचा असून त्यात सुमारे ८१.८ टक्के चांदी असे. कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि ९१.७ टक्के चांदीचा होता. सात हाली रुपयांस सहा कलदार हा दर या फरकातूनच आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दोन्ही चलनांतील चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणले गेले. अशा मिश्रधातूच्या रुपयावर आम्लाचा प्रयोग केल्यास त्यातील तांबे व जस्त आधी विरघळते आणि नाण्यावर डागाळलेली, सच्छिद्र कांती उरते. घरच्या नाण्यावर प्रयोग करण्यापूर्वी त्याचे साल पाहावे, हे यावरून ध्यानात येईल.

याखेरीज तांब्याच्या शिवराया, जाड ढब्बू पैसे, १९४३ पासूनचे भोकाचे पैसे आणि क्वचित शेतात सापडणारी सातवाहनांची शिसे वा पोटिन धातूची नाणी या प्रदेशात मिळतात. गोदावरीत नाणे अर्पण करण्याची प्रथा जुनी असल्यामुळे नदीपात्रातील वाळूतूनही नाणी निघतात. वाळूने घासून ती बहुधा गुळगुळीत झालेली असतात.

घरातील नाण्यांवर जमिनीतील गंजापेक्षा वेगळाच मळ असतो. दिवाळीच्या लक्ष्मीपूजनात पिढ्यान्‌पिढ्या तेच रुपये मांडले जातात. त्यांवर हळद, कुंकू, दूध, तूप आणि निरांजनाची काजळी यांचे थर चढतात. पूजेपूर्वी ती नाणी चिंच, लिंबू किंवा राख लावून उजळण्याची रीत आहे. श्रद्धेविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. परंतु दरवर्षीच्या या उजळण्याने अक्षरे झिजून सपाट झालेले रुपये घरोघर दिसतात. पूजेसाठी दोन-तीन साधी नाणी वेगळी ठेवून उरलेली जतन करणे हा सोपा मार्ग आहे.

धातू आणि त्यांवरील थर

चांदी हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे काळवंडते. हा काळा थर सिल्व्हर सल्फाइडचा असतो. तो पातळ व एकसारखा असल्यास नाण्याला अपाय करीत नाही. उलट संग्राहक त्यास नाण्याच्या अस्सलपणाची खूण मानतात. तांब्यावर प्रथम तपकिरी आणि कालांतराने काळपट हिरवा, घट्ट थर येतो. यालाही हात लावू नये, कारण तो खालच्या धातूचे रक्षण करतो. सोने जवळजवळ निर्विकार राहते, पण ते मऊ असल्याने पुसतानाही त्यावर चरे पडतात. निकेलच्या नाण्यांस फारसे काही होत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या ॲल्युमिनियमच्या नाण्यांवर मात्र आम्ल आणि खाण्याचा सोडा या दोहोंचाही वाईट परिणाम होतो.

तांब्याच्या व काशाच्या नाण्यांचा खरा शत्रू वेगळा आहे. जमिनीतील किंवा हाताच्या घामातील क्लोराइड धातूत शिरले की तेथे क्युप्रस क्लोराइड तयार होते. त्यास दमट हवा मिळाली की आम्ल निर्माण होते, ते आम्ल आणखी तांबे खाते आणि हे चक्र सुरूच राहते. जतनशास्त्रात यास ‘कांस्यरोग’ म्हणतात. घट्ट हिरवा थर आणि हा रोग यांत फरक ओळखणे अवघड नाही: रोगाचा हिरवा रंग फिकट व भुकटीसारखा असतो, काडीने टोकरल्यास सहज सुटतो आणि खाली खड्डा दिसतो. असे नाणे ताबडतोब इतरांपासून वेगळे करावे. मराठवाड्याचा उन्हाळा कोरडा असला तरी पावसाळ्याच्या महिन्यांत हा रोग बळावतो. म्हणून आषाढात एकदा आणि भाद्रपदात एकदा संग्रह तपासणे इष्ट.

घरी करता येण्याजोगी स्वच्छता

सर्वप्रथम नाण्याचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे आणि वजन नोंदवावे. नाणे नेहमी कडेला धरावे, मऊ कापडाच्या वर धरावे. हातातून फरशीवर पडलेल्या नाण्याच्या कडेवरील खोक पुढे कशानेही भरून निघत नाही.

माती आणि मीठ यांसाठी डिस्टिल्ड पाणी हेच सर्वांत सुरक्षित द्रव्य होय. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्षार व क्लोराइड असल्यामुळे ते टाळावे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालावयाचे पाणी चालते, मात्र त्याच दुकानात मिळणारे बॅटरीचे आम्ल नव्हे. बाटल्या दिसावयास सारख्याच असतात आणि घाईत चूक होते. काचेच्या भांड्यात नाणे बुडवून ठेवावे व पाणी रोज बदलावे. काळ्या मातीचा चिवट थर काही दिवसांनी नरम पडतो. मग तो बांबूच्या टोकदार काडीने, अक्षरांच्या दिशेने हळूहळू सोडवावा. सुई, ब्लेड किंवा तारेचा ब्रश कदापि वापरू नये. जमिनीतून निघालेली प्राचीन चांदी बिस्किटासारखी ठिसूळ झालेली असू शकते, तिच्यावर दाब देऊ नये. शेवटी नाणे मऊ सुती कापडाने टिपावे. घासून पुसू नये.

तूप, तेल, काजळी आणि बराचसा हळदीचा डाग शुद्ध ॲसिटोनमध्ये सुटतो. ॲसिटोन धातूशी अभिक्रिया करीत नाही. ते अत्यंत ज्वालाग्राही असल्याने देवघरात दिव्याजवळ वापरू नये, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. नखांचा रंग काढण्याच्या द्रवात सुगंध व तेले मिसळलेली असतात; तो याऐवजी चालत नाही.

चिंच, लिंबू, ताक, टूथपेस्ट, राख, भांड्यांची पूड आणि धातू उजळण्याची मलमे ही सर्व नाण्यांसाठी वर्ज्य होत. यांपैकी काही आम्लाने धातू विरघळवतात, काही कणांनी खरवडतात. ॲल्युमिनियमच्या पन्नीत सोडा व गरम पाणी घालून चांदी उजळण्याची युक्ती रसायनशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे, सल्फाइडमधील चांदी तिने परतते. पण ती मूळच्या जागी पूर्वीसारखी बसत नाही आणि नाणे निस्तेज, पांढरट दिसू लागते. ताटवाटीसाठी ती ठीक. तांब्याचे नाणे महिनोन्‌महिने तेलात बुडवण्याची पद्धतही हितावह नाही, कारण तेलातील मुक्त आम्ले तांब्याला हळूहळू खातात.

दागिन्यात कडी लावून वापरलेले नाणे मिळाल्यास ती कडी उपटू नये. रुपयांच्या माळा, पुतळ्या आणि बंजारा स्त्रियांच्या पोशाखावरील नाणी हा त्या नाण्याच्या इतिहासाचाच भाग आहे, आणि डाग काढताना लागणारी उष्णता नाण्याचा रंग बदलते.

कांस्यरोगावरील रासायनिक उपचार, शिशाच्या नाण्यांवरील पांढरा थर काढणे आणि संचयात एकमेकांना चिकटलेली नाणी सोडवणे ही कामे घरी करू नयेत. कांस्यरोगावर वापरले जाणारे बेन्झोट्रायझोल हे द्रव्य आरोग्यास अपायकारक आहे. अशा वेळी प्रशिक्षित संवर्धकाकडे जावे. नाशिकजवळील अंजनेरी येथे भारतीय नाणकशास्त्राला वाहिलेली संशोधन संस्था असून नाण्याच्या ओळखीसाठी तिचा आधार घेता येतो.

साठवण

साठवणुकीत सर्वाधिक हानी करणारी वस्तू म्हणजे मऊ, वासाचे, पारदर्शक पीव्हीसी प्लॅस्टिक. त्याच्या पाकिटांतून कालांतराने चिकट द्रव्य पाझरते आणि नाण्यावर हिरवट लेप बसतो. त्याऐवजी पॉलिप्रॉपिलीन किंवा मायलरची पाकिटे वापरावीत. रबर, लोकर आणि साधा पुठ्ठा यांतील गंधक चांदीला काळे करतो, म्हणून नोटांसारखी नाण्यांची चवड रबराने बांधू नये. शिशाच्या नाण्यांसाठी लाकडी कपाट विशेष घातक: लाकडातून, त्यातही सागापेक्षा ओकसारख्या लाकडातून, निघणाऱ्या सेंद्रिय आम्लांच्या वाफेने शिसे पांढरे पडून भुकटी होते. सातवाहन शिक्क्यांचा संग्रह असणाऱ्यांनी पोलादी पेटी पसंत करावी.

पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात व त्या वेळोवेळी वाळवून घ्याव्यात. तांब्याच्या नाण्यांभोवतीची सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली असावी. कापूर व डांबराच्या गोळ्या नाण्यांच्या पेटीत ठेवू नयेत. प्रत्येक पाकिटावर नाणे कोठून, केव्हा व कोणाकडून आले याची नोंद पेन्सिलीने करावी.

कायदेशीर बाजू

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा सापडल्यास त्याची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांस देणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ च्या कक्षेत येतात आणि ती परदेशी नेता येत नाहीत. नांगरणीत नाण्यांचे मडके लागल्यास नाणी धुऊ नयेत व वाटूनही घेऊ नयेत. मडके, त्यातील माती आणि नाण्यांना चिकटलेला कापडाचा तुकडासुद्धा जागेवर तसाच राहू द्यावा. संचय केव्हा पुरला गेला याचा उलगडा पुष्कळदा त्यावरूनच होतो.