जोडणीसोबत संगणक : मासिक वर्गणीचे अर्थकारण

ऑक्टोबर २००४ मध्ये जाहीर झालेल्या ब्रॉडबँड धोरणाने २०१० पर्यंत २ कोटी ग्राहकांचे उद्दिष्ट ठेवले होते. प्रत्यक्षात त्या वर्षाअखेर ही संख्या १ कोटी १० लाखांच्या आसपासच होती. घरात संगणकच नसेल तर दारापर्यंत आलेली तार घेणार कोण, ही त्यातील एक मोठी अडचण होती.

चेन्नईच्या नोव्हॅटियम कंपनीने यावर ‘नेट पीसी’चा मार्ग काढला. उद्योजक राजेश जैन आणि मद्रास आयआयटीचे प्रा. अशोक झुनझुनवाला हे तिच्या संस्थापकांपैकी होत. या यंत्रात हार्ड डिस्क नव्हती. आज्ञावली व फायली मध्यवर्ती सर्व्हरवर राहत आणि ग्राहक इंटरनेट जोडणीसोबत मासिक वर्गणी भरी.

संगणकाची किंमत सर्वांना दिसते. विषाणू, बिघडलेली आज्ञावली आणि तंत्रज्ञाच्या फेऱ्या यांवरील खर्च मात्र खरेदीच्या वेळी कोणी हिशेबात धरत नाही. व्यवस्थापन सर्व्हरवर गेले, की एकच दुरुस्ती हजारो घरांना एकदम लागू होते. या योजनेतील खरी बचत हीच होय. यंत्राच्या स्वस्ताईचा उगाचच अधिक गाजावाजा झाला.

परंतु यात भांडवल अडकते ते सेवादात्याचे. समजा, ६,००० रुपयांचे यंत्र २४ महिन्यांत वसूल करावयाचे आहे. वर्गणीत त्यासाठी दरमहा २५० रुपये धरावे लागतील. ग्राहकाने आठव्या महिन्यातच सेवा सोडली, तर वसूल झालेले असतात केवळ २,००० रुपये. उरलेले ४,००० वापरलेल्या यंत्रात अडकतात. अनामत घ्यावी, तर ज्याच्यासाठी ही योजना आखली तो ग्राहकच दूर जातो. शिवाय तार तुटली की यंत्र ठप्प. २५६ केबीपीएस वेगालाच ब्रॉडबँड म्हणण्याच्या त्या काळात ही उणीव लहान नव्हती.

एएमडी कंपनीने २००४ मध्ये आणलेले ‘पर्सनल इंटरनेट कम्युनिकेटर’ हे यंत्रही सेवादात्यांमार्फतच विकले जाई. २००६ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. पुढे स्मार्टफोनने इंटरनेट घरोघर नेले, संगणक मात्र मागेच राहिला. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार २०१७-१८ मध्ये १०.७ टक्के कुटुंबांकडेच संगणक होता. ग्रामीण भागात तर ४.४ टक्के.

जुलै २०२५ मध्ये जिओने दूरचित्रवाणीच्या सेट टॉप बॉक्समार्फत चालणारा आभासी संगणक ५९९ रुपये मासिक दराने, कर वगळून, देऊ केला. घरात बॉक्स आधीच असल्याने येथे यंत्रात अडकणारे भांडवल कमी आहे. कळफलक व माऊस ग्राहकाने आणावयाचे. तरीही दरमहा ५९९ रुपये म्हणजे कर धरण्यापूर्वीच वर्षाला ७,१८८ रुपये होतात, आणि वर्गणी थांबताच हाती काहीच उरत नाही.