मॉर्फिनला घाबरावे कधी आणि कधी नाही

पेडणे किंवा डिचोलीतला एखादा कर्करोगाचा रुग्ण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून (गोमेकॉ) उपचार घेऊन घरी येतो. रात्री कूस बदलली तरी कळ उठते आणि त्याच्याबरोबर सगळे घर जागते. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिले, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "ही अफूचीच गोळी ना? सवय लागली तर?"

मॉर्फिन अफूतूनच मिळते, हे खरे. गोव्याला अफू नवी नाही. गार्सिया द ओर्ता यांच्या 1563 साली गोव्यातच छापलेल्या औषधीग्रंथात तिच्यावर स्वतंत्र संवाद आहे. पण वेदनेने पिळवटलेल्या रुग्णाला योग्य मात्रेत दिलेले मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे. मेंदूत आणि मज्जारज्जूत काही 'ग्राही' असतात. शरीराची स्वतःची एंडॉर्फिन्स त्यांना जाऊन चिकटतात, आणि मॉर्फिनही तिथेच चिकटते. मग वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत पोचता पोचता क्षीण होतो. साध्या गोळीचा असर सुमारे चार तास टिकतो. म्हणून कर्करोगाच्या सततच्या वेदनेत ती कळ उठायची वाट न पाहता घड्याळ बघून द्यायची असते. बद्धकोष्ठता हमखास होते, त्यामुळे रेचकही सुरुवातीपासूनच घ्यावे लागते. बरेच दिवस चाललेली गोळी एकदम तोडू नये. डॉक्टर ती हळूहळू कमी करतात.

धोकाही याच ग्राहींमुळे आहे. श्वासाची लय सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागातही ते असतात. मात्रा वाढली, किंवा गोळीवर फेणी, हुर्राक वा झोपेचे औषध पडले, तर श्वास मंदावतो आणि थांबूही शकतो. मॉर्फिनच्याच ओपिऑइड गटातल्या कोडीनचे यकृतात मॉर्फिन होते. काहींच्या शरीरात ते फार झपाट्याने होते, म्हणून लहान मुलांना कोडीन देणे टाळतात. त्याच गटातल्या ट्रामाडोलने झटके येऊ शकतात. अमेरिकेत 1990च्या दशकात ही औषधे साध्या दुखण्यांवरही सढळ हाताने लिहिली गेली. पुढे व्यसन बेकायदा हेरॉइन आणि फेंटानिलपर्यंत पोचले, आणि 2021 या एका वर्षात ओपिऑइडच्या अतिमात्रेने 80 हजारांहून अधिक माणसे दगावली.

आपल्याकडे चूक उलट दिशेने झाली. 1985च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने रुग्णालये मॉर्फिन ठेवायलाच कचरू लागली. 2014च्या दुरुस्तीने रुग्णांची वाट काहीशी सोपी केली. पुढे ट्रामाडोलचा गैरवापर वाढला, तेव्हा 2018 साली तेही याच कायद्याखाली आणावे लागले.

म्हणून वेदना मुकाट्याने सोसू नका, डॉक्टरांकडे मॉर्फिनबद्दल न संकोचता विचारा. उरलेल्या गोळ्या कुलपात ठेवा. शेजाऱ्याची पाठ दुखते म्हणून त्याला त्यातली एकही देऊ नका. आणि गोळी घेतलेला माणूस हाक मारूनही उठत नसेल, श्वास संथ आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर क्षणही न दवडता 108 वर फोन करा. नालॉक्सोन नावाचा उतारा आहे, पण तो वेळेत मिळाला तरच जीव वाचतो.