वाढ मोजायची कोणी?

कोणत्याही सार्वजनिक सेवेचा विस्तार होऊ लागला की दोन प्रश्न अपरिहार्यपणे उभे राहतात. वाढीचा वेग किती, हा पहिला. आणि त्या वाढीचा भार सध्याच्या व्यवस्थेला पेलवेल काय, हा दुसरा. इंटरनेटच्या आरंभीच्या काळाचा इतिहास या दृष्टीने मोठा बोधप्रद आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अभियंत्यांनी मोठ्या कौशल्याने शोधून काढले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र, ज्या वेळी त्याची सर्वाधिक निकड होती, नेमके त्याच वेळी हरवले. त्याची किंमत हजारो गुंतवणूकदारांना व नोकरदारांना मोजावी लागली.

चारशे यार्डांवरची कोंडी

इंटरनेटवरून जाणारा मजकूर लहान लहान पुडक्यांत विभागला जातो. प्रत्येक पुडक्यावर पत्ता असतो आणि वाटेतील राउटर नावाची यंत्रे तो वाचून पुडके पुढे धाडतात. वाटेत गर्दी झाली तर काही पुडकी टाकून दिली जातात आणि पाठविणारा संगणक ती पुन्हा पाठवितो. ऑक्टोबर १९८६मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचे बर्कली विद्यापीठ यांच्यामधील वाहतूक अचानक मंदावली. दोहोंतील अंतर अवघे चारशे यार्ड. परंतु सेकंदाला ३२ हजार बिट वाहून नेणारा हा मार्ग ४० बिटांवर आला. कारण असे की, हरवलेली पुडकी जो तो पुन्हा पाठवीत होता आणि त्यामुळे गर्दीत भरच पडत होती. प्रत्येकाचे वर्तन त्याच्यापुरते शहाणपणाचे, पण सर्वांचे मिळून आत्मघातकी! अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही अवस्था अपरिचित नाही.

व्हॅन जेकबसन या शास्त्रज्ञाने १९८८मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात यावरील उपाय मांडला. संगणकाने आरंभ संथ गतीने करावा, पुडकी सुखरूप पोचत आहेत असे दिसले तर वेग वाढवावा आणि एखादे हरवले तर तत्काळ हात आखडता घ्यावा. या नियमामागे कोणाचा दंडुका नव्हता. तो संगणकांच्या आज्ञावलीतच घातला गेला आणि कोंडी फुटली.

पत्त्यांचे अर्थशास्त्र

याहून बिकट पेच पत्त्यांचा होता. ऑगस्ट १९८१मध्ये या जाळ्यावर २१३ संगणक होते. ऑक्टोबर १९९१मध्ये ही संख्या सहा लाखांच्या पुढे गेली. पत्ते तीन ठरावीक आकारांच्या गटांत वाटले जात. सर्वांत लहान गट २५६ पत्त्यांचा, मधला ६५,५३६ पत्त्यांचा आणि मोठा एक कोटी साठ लाखांहून अधिक पत्त्यांचा. मध्यम आकाराच्या संस्थेला लहान गट अपुरा पडे; म्हणून ती मधला मागे आणि त्यातील बहुतांश पत्ते पडून राहत. असे मधले गट जगभरासाठी मिळून सोळा हजारांच्या घरात होते. ते संपत आल्याची चिन्हे लवकरच दिसू लागली. बरे, मधल्याऐवजी अनेक लहान गट द्यावेत, तर प्रत्येक गटासाठी प्रमुख राउटरांच्या मार्गसूचीत स्वतंत्र ओळ लागणार आणि सूची यंत्राच्या स्मरणक्षमतेबाहेर जाणार. एकीकडे आड, दुसरीकडे विहीर!

सप्टेंबर १९९३मध्ये जाहीर झालेल्या नव्या पद्धतीने हा पेच सोडविला. ठरावीक आकारांचे बंधन काढून टाकण्यात आले, गरजेप्रमाणे गट देण्यात येऊ लागले आणि अनेक शेजारी गटांसाठी मिळून एकच ओळ पुरावी अशी सोय झाली. आपल्याकडे १९७२मध्ये सुरू झालेल्या पिनकोडचे तत्त्व काहीसे असेच आहे. दूरच्या टपाल कार्यालयाला गल्लीबोळांची माहिती लागत नाही. पहिले एक-दोन अंक पाहून थैली कोणत्या दिशेला पाठवायची एवढे कळले की पुरे. राउटरांनी एकमेकांना मार्ग कळविण्याची जी पद्धत १९८९मध्ये दोन अभियंत्यांनी जेवणाच्या वेळी कागदी रुमालांवर आखली होती, तिच्या चौथ्या आवृत्तीत ही सुधारणा सामावून घेण्यात आली. तीच आवृत्ती आजही जगभर वापरात आहे.

तथापि प्रश्न कायमचा मिटला असे मात्र नाही. सूचीत स्वतंत्र ओळ मिळविणाऱ्याला लाभ त्याचा एकट्याचा होतो. ती ओळ सांभाळण्याचा खर्च मात्र जगातील सर्व प्रमुख राउटरांच्या मालकांवर पडतो. गावच्या गायरानात प्रत्येकाने एकेक जनावर अधिक सोडावे, तसाच हा प्रकार. १२ ऑगस्ट २०१४ रोजी सूची पाच लाख बारा हजार ओळींच्या पुढे गेली, तेव्हा तेवढीच क्षमता असलेली जुनी यंत्रे कोलमडली आणि ठिकठिकाणी सेवा विस्कळित झाली. आज ही सूची नऊ लाखांच्याही पुढे गेली आहे.

मोजणारा हात गेला

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील या जाळ्याचा कणा नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेच्या पैशावर उभा होता. त्याची व्यवस्था पाहणारी मिशिगनमधील मेरिट ही संस्था वाहतुकीचे मासिक आकडे प्रसिद्ध करीत असे. ऑगस्ट १९८८मध्ये साडेएकोणीस कोटी पुडकी वाहून नेणारा हा कणा नोव्हेंबर १९९४मध्ये सुमारे चोवीसशे कोटी पुडकी वाहून नेऊ लागला. गणित केले तर वाहतूक साधारण अकरा महिन्यांनी दुप्पट होत होती असे दिसते. हे आकडे कोणालाही पडताळून पाहता येत होते.

३० एप्रिल १९९५ रोजी हा सरकारी कणा बंद करण्यात आला आणि वाहतूक खाजगी कंपन्यांकडे गेली. त्यात वावगे काही नव्हते. परंतु मोजदादीची जबाबदारी कोणावरच राहिली नाही. प्रत्येक कंपनी आपले आकडे व्यापारी गुपित म्हणून झाकून ठेवू लागली. या अंधारात एक वाक्य प्रचलित झाले: 'इंटरनेटवरील वाहतूक दर शंभर दिवसांनी दुप्पट होते.' वर्ल्डकॉम कंपनीच्या यूयूनेट या शाखेकडून ते पसरले आणि एप्रिल १९९८मध्ये अमेरिकी व्यापार खात्याच्या अहवालातही त्याला स्थान मिळाले.

या वाक्याचा अर्थ काय, हे कागद-पेन्सिल घेऊन पाहावे. शंभर दिवसांनी दुप्पट म्हणजे वर्षाला साडेबारा पट आणि पाच वर्षांत तीन लाख पटींहून अधिक. याउलट वर्षाला दुप्पट म्हणजे पाच वर्षांत बत्तीस पट. अँड्र्यू ओडलिझ्को आणि केरी कॉफमन या एटी अँड टीच्या संशोधकांनी १९९८मध्ये मिळतील ते तुकडे जुळवून दाखविले की, १९९५-९६चा अल्प काळ वगळता वाढ सुमारे वर्षाला दुप्पट एवढीच होती. म्हणजे ते वाक्य निखालस खोटे नव्हते. अल्प काळापुरते जे सत्य, ते नित्याचा नियम म्हणून खपविले गेले, हा खरा दोष. संशोधकांचे म्हणणे फार थोड्यांनी ऐकले.

दरम्यान अनेक कंपन्यांनी कर्जे काढून काचतंतूंच्या तारा जमिनीखाली आणि समुद्राखाली अंथरल्या. एकाच तारेतून अधिकाधिक संदेश नेण्याचे तंत्रही त्याच वेळी झपाट्याने सुधारत होते. परिणामी पुरवठा मागणीच्या कितीतरी पुढे गेला. जानेवारी २००२मध्ये ग्लोबल क्रॉसिंगने आणि जुलै २००२मध्ये वर्ल्डकॉमने दिवाळे जाहीर केले. वर्ल्डकॉमचा गैरव्यवहार जमाखर्चाच्या नोंदींचा होता, वाहतुकीच्या आकड्यांचा नव्हे. पण त्या फुगलेल्या आकड्याने निर्माण केलेल्या वातावरणातच अशा अपेक्षा पोसल्या गेल्या. या पडझडीत भारताच्या पदरात एक लाभ पडला. मुंबईच्या विदेश संचार निगमने, तोवर ती टाटांच्या व्यवस्थापनाखाली आली होती, टायको कंपनीचे सुमारे साठ हजार किलोमीटरचे सागरी तारांचे जाळे तेरा कोटी डॉलरना घेण्याचा करार २००४मध्ये केला. उभारणीच्या खर्चाच्या मानाने ही रक्कम किरकोळच होती.

आकड्यांची राखण

यातून निघणारा निष्कर्ष खाजगीकरणाच्या बाजूचा वा विरोधाचा नाही. सेवा कोणीही चालवावी. परंतु तिची मोजदाद ही सार्वजनिक वस्तू आहे, हे विसरून चालणार नाही. दिव्याचा प्रकाश एकाने वापरला म्हणून दुसऱ्यासाठी कमी होत नाही, तसेच खऱ्या आकड्याचे असते. म्हणूनच तो गोळा करण्याचा खर्च कोणी एकटा आनंदाने करीत नाही. सेवा हस्तांतरित करताना आकडे नियमितपणे प्रसिद्ध करण्याची अट करारात घालणे, हे शासनाचे कर्तव्य ठरते.

आज माहिती साठविणारी प्रचंड केंद्रे नवी मुंबईसह अनेक ठिकाणी उभी राहत आहेत. जमीन, पाणी आणि वीज मागताना भावी मागणीचे मोठे आकडे पुढे केले जातात. ते खोटेच आहेत असे कोणी म्हणू नये. खरेच आहेत असे मानण्याचीही घाई करू नये. हा आकडा कोणी मोजला, किती काळाच्या अनुभवावरून काढला आणि तो खरा मानल्याने लाभ कोणाचा होणार, हे तीन प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाही. १९९८मध्ये ते पुरेशा लोकांनी विचारले असते, तर अनेकांची आयुष्यभराची पुंजी वाचली असती.