कौन्सिलचं घर म्हणजे वृद्धाश्रम नव्हे

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबातल्या आजी किंवा काका कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेच्या, ‘एक्स्ट्रा केअर’ फ्लॅटमध्ये राहायला गेल्याचं कळलं, की इकडच्या नातेवाइकांत एकच वाक्य फिरू लागतं: ‘शेवटी वृद्धाश्रमातच टाकलं ना!’ तिकडच्या मराठी मंडळींतही फारसं वेगळं काही कानावर येत नाही. शिकलेसवरलेले लोक हे चुकचुकत बोलतात आणि अर्ज भरण्यापासून पडदे लावण्यापर्यंत सगळं करणाऱ्या लेकीसुनांना अपराधी ठरवून मोकळे होतात. हे वाक्य कायद्याने चुकीचं आहे, हिशेबाने चुकीचं आहे आणि तिथल्या रोजच्या जगण्याशी ताडून पाहिलं तरी चुकीचंच आहे. म्हणून जरा सविस्तर.

गैरसमज: कौन्सिलने ज्येष्ठांसाठी बांधलेली घरं म्हणजे सरकारी वृद्धाश्रम

वस्तुस्थिती: इंग्लंडमध्ये दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. पहिली ‘केअर होम’. तिथे खोली, जेवण आणि शुश्रूषा हे सगळं एकाच संस्थेकडून, एकत्रित शुल्कात मिळतं. खोली संस्थेची असते आणि तिथे राहणाऱ्याला सहसा भाडेकरूचे हक्क नसतात. ‘केअर क्वालिटी कमिशन’ ही नियामक संस्था त्या जागेसकट सगळ्याची तपासणी करते. आपल्या मनात वृद्धाश्रमाचं जे चित्र असतं, त्याच्या जवळ जाणारी व्यवस्था ही.

दुसरी ‘एक्स्ट्रा केअर’. इथे मिळतो तो स्वतंत्र फ्लॅट: स्वतःचं दार, स्वतःची किल्ली, स्वयंपाकघर, उंबरा नसलेलं न्हाणीघर, मदतीसाठी अलार्म. राहणारा माणूस कौन्सिलचा किंवा हाउसिंग असोसिएशनचा (परवडणारी घरं भाड्याने देणाऱ्या ना-नफा संस्थेचा) रीतसर भाडेकरू असतो आणि कोर्टाच्या आदेशाशिवाय त्याला बाहेर काढता येत नाही. इमारतीत मदतनीस दिवसरात्र असतात, पण त्यांच्या सेवेचा करार भाड्याच्या करारापासून वेगळा असतो. सकाळी आंघोळीला हात हवा, रात्री गोळ्यांची आठवण हवी, असं जे ठरलेलं असेल त्या वेळेला ते दार वाजवून येतात. कमिशन इथे तपासतं ती शुश्रूषा देणारी संस्था. फ्लॅटची तपासणी ते करत नाही, कारण कायद्याच्या नजरेत ते एका नागरिकाचं खासगी घर आहे.

याचा रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो तेही पाहा. नवऱ्याला पार्किन्सन्स आहे आणि बायको ठणठणीत आहे, तरी दोघं एकाच घरात राहू शकतात. सकाळचा चहा किती वाजता, आज पोळी करायची की खिचडी, पाहुणे कधी येणार, हे त्या घरातली माणसं ठरवतात. जेवणघर आणि बैठकीची खोली सामाईक असते, पण तिथे जायची सक्ती नसते.

आता पैसे. इथे खर्चाचे तीन भाग असतात: भाडं, इमारतीच्या देखभालीचा सर्व्हिस चार्ज आणि शुश्रूषेचा खर्च. उत्पन्न कमी असलेल्या पेन्शनच्या वयाच्या भाडेकरूला भाड्यासाठी हाउसिंग बेनिफिट मिळू शकतो. शुश्रूषेसाठी कौन्सिल २०१४ च्या केअर अॅक्टनुसार गरज आणि ऐपत तपासते. इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांहून जास्त मालमत्ता असेल तर खर्च साधारणपणे स्वतःच करावा लागतो. १४,२५० पौंडांपर्यंतची मालमत्ता मोजलीच जात नाही. माणूस केअर होममध्ये कायमचा गेला, तर त्याच्या नावावरच्या घराची किंमतही या मालमत्तेत धरली जाते, जोडीदार तिथे राहत असेल तर मात्र सवलत मिळते. स्वतः राहत असलेल्या घरातच शुश्रूषा घेणाऱ्याच्या घराची किंमत मात्र धरत नाहीत. जुनं घर विकून पैसे बँकेत ठेवले असतील तर ते मोजले जातात, हे विसरू नये. कायदा आणि हिशेब दोन्ही ज्या दोन व्यवस्थांना वेगळं मानतात, त्यांना आपण अजून किती वर्षं एकच समजणार आहोत?

इतिहास पाहिला की हा गैरसमज जास्तच खटकतो. १९४८ च्या नॅशनल असिस्टन्स अॅक्टने इंग्लंडमधली गरिबांसाठीची जुनी ‘पुअर लॉ’ व्यवस्था संपवली आणि निराधार वृद्धांच्या निवासाची जबाबदारी कौन्सिलांवर टाकली. पण पुष्कळ ठिकाणी जुन्या वर्कहाउसच्याच, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवणाऱ्या संस्थांच्याच, इमारती वापरात राहिल्या. समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस अशा १७३ संस्था पाहिल्या आणि १९६२ मध्ये ‘द लास्ट रेफ्युज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तिथल्या अनेक वृद्धांना संस्थेची गरजच नव्हती. योग्य घर आणि थोडी मदत मिळाली असती तर ते स्वतंत्र राहू शकले असते, हा त्यांचा निष्कर्ष होता. पुढच्या दशकांत कौन्सिलांनी वॉर्डन आणि अलार्म असलेली ‘शेल्टर्ड’ घरं मोठ्या प्रमाणावर बांधली. तिथले रहिवासी आणखी थकले, नुसता अलार्म पुरेना, तेव्हा जागेवरच मदतनीस ठेवणारं एक्स्ट्रा केअर पुढे आलं. म्हणजे ही घरं उभी राहिली तीच माणसाला संस्थेत जावं लागू नये म्हणून.

याचा उपयोग होतो का, अशी शंका रास्त आहे. केंट विद्यापीठातल्या संशोधकांनी सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या १९ प्रकल्पांचा अभ्यास करून २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. सारख्याच अवस्थेतल्या केअर होममधल्या वृद्धांशी तुलना केली, तेव्हा एक्स्ट्रा केअरमधल्यांची स्थिती चांगली आढळली आणि खर्च तेवढाच किंवा कमी निघाला. मात्र केअर होममध्ये जाणारे लोक सरासरीने अधिक आजारी असतात, त्यामुळे ही तुलना सरसकट सगळ्यांना लावता येत नाही.

आणि ‘तिकडे म्हाताऱ्यांना संस्थेत टाकतात’ या लाडक्या समजुतीचं काय? २०२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समधल्या ६५ वर्षांवरच्या लोकांपैकी केअर होममध्ये राहणारे सुमारे २.५ टक्के होते. बाकी जवळजवळ सगळे आपापल्या घरीच राहतात.

आणखी काही गैरसमज, थोडक्यात

‘ही घरं आमच्या कौन्सिल टॅक्समधून बांधतात.’ नाही. कौन्सिलच्या घरांचा हिशेब कायद्याने वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो आणि २०१२ पासून ते खातं मुख्यतः भाडेकरूंच्या भाड्यावर चालतं. या खात्यावरची कर्जमर्यादा २०१८ मध्ये उठली. बांधकामासाठी कर्ज आणि सरकारी अनुदान वापरतात, किंवा कौन्सिल जमीन देते, हाउसिंग असोसिएशन बांधते आणि तिथे कुणाला पाठवायचं ते सुचवण्याचा हक्क कौन्सिलला मिळतो. शुश्रूषेचा खर्च मात्र सामाजिक सेवेच्या अंदाजपत्रकातून होतो, आणि तोच माणूस केअर होममध्ये गेला असता तरी तो करावाच लागला असता.

‘म्हाताऱ्यांवर खर्च म्हणजे तरुण कुटुंबांवर अन्याय.’ तीन खोल्यांच्या कौन्सिल घरात एकट्या राहणाऱ्या आजी लहान, सोयीच्या फ्लॅटमध्ये गेल्या, की ते मोठं घर मुलंबाळं असलेल्या कुटुंबाला मिळतं.

‘शेल्टर्ड काय आणि एक्स्ट्रा केअर काय, एकच.’ शेल्टर्डमध्ये अलार्म आणि व्यवस्थापक असतो, शुश्रूषा करणारे कर्मचारी जागेवर नसतात. अर्ज करण्याआधी हा फरक विचारून घ्या.

‘भारतातून आईवडिलांना नेलं की कौन्सिल घर देते.’ अजिबात नाही. अवलंबून असलेल्या पालकांच्या व्हिसाचे नियम जुलै २०१२ पासून अतिशय कडक आहेत. तो मिळालाच, तरी सरकारी मदतीशिवाय पाच वर्षं सांभाळण्याची लेखी हमी मुलांना द्यावी लागते.

‘एकदा तिथे गेलं की शेवटपर्यंतची चिंता मिटली.’ नेहमीच नाही. डिमेन्शिया फार वाढला किंवा सतत नर्सिंग लागू लागलं, तर पुन्हा हलावं लागू शकतं. सर्व्हिस चार्जही वाढू शकतो. हे आधीच विचारा आणि लेखी घ्या.

आपल्याकडे काय?

आपल्याला वृद्धांसाठी सार्वजनिक निवास म्हटलं की एकच चित्र दिसतं, याला आपला कायदाही कारणीभूत आहे. पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठीच्या २००७ च्या कायद्याचं कलम १९ वृद्धाश्रमांबद्दल बोलतं: प्रत्येक जिल्ह्यात किमान एक आणि त्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय. निराधारांसाठी ते हवंच. पण ज्यांना मुलं आहेत, थोडं पेन्शन आहे, चालताना तोल जातो आणि तिसऱ्या मजल्याला लिफ्ट नाही, त्या लाखो माणसांचं काय? मदतीची सोय असलेली घरं आपल्याकडे मुख्यतः खासगी बिल्डर बांधतात, आणि ती पैसेवाल्यांनाच परवडतात.

इंग्लंडमधल्या कौन्सिलांनाही अशी घरं पुरेशी बांधता आलेली नाहीत. तरी ही जबाबदारी आपली आहे, एवढं तरी त्यांनी मान्य केलं आहे. आपल्या महापालिका विरंगुळा केंद्रं चालवतात, ते चांगलंच आहे, पण संध्याकाळी तिथून परतायला लिफ्ट असलेलं आणि हाकेला माणूस येईल असं परवडणारं घरही लागतं. मत मागायला उमेदवार दारात येतील तेव्हा त्यांना हे विचारा: ज्येष्ठांसाठी अशी भाड्याची घरं बांधायला पालिकेची किती जमीन आणि किती पैसे देणार? आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.